पेटीबाहेरच्या मधमाश्या

जानेवारी संपता संपता नाशिक, अहिल्यानगर, जालना, बुलढाणा या पट्ट्यात कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलावर येतात. कमरेपर्यंत वाढलेल्या डेंगळ्यांच्या शेंड्यावर पांढरे गोंडे डवरतात. ऊन थोडे वर आले, दव वाळले, की बायका सरीसरीने चालत प्रत्येक गोंड्यावरून हलका हात फिरवत जातात. कुणाच्या हातात मऊ फडके असते. एका गोंड्यावरून उचललेला पराग दुसऱ्यावर लागावा एवढ्यासाठी हा खटाटोप चालतो, आणि त्याची रोजची मजुरी शेतकऱ्याला मोजावी लागते. विचारले तर उत्तर एकच मिळते: यंदा माशी फिरकलीच नाही.

या फुलाची घडण पाहिली की अडचण कळते. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकून पराग झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते, त्यामुळे फूल स्वतःचे स्वतः फळू शकत नाही. गोंड्यातली शेकडो फुले दोन-तीन आठवडे पुढेमागे उमलत राहतात. एवढ्या काळात फुलाफुलाला योग्य घडीला पराग पोचवण्याचे काम हाताने होते ते फार तोकडे. माशी ते दिवसभर, न थकता करते. त्यातून कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते आणि मधमाशीला ते फारसे रुचत नाही. शेजारी कोथिंबीर किंवा मोहरी फुललेली असेल तर ती आधी तिकडे वळते. म्हणजे परिसरात माश्या भरपूर असतील तरच कांद्याच्या वाट्याला पुरेशा येणार. आणि नेमक्या याच दिवसांत फुलकिड्यांसाठी फवारणी चालू असते.

मधमाशीवर बोलताना आपण बहुधा मधापासून सुरुवात करतो. भाषण असो, शाळेचा धडा असो की सरकारी योजना, मधाची बाटली आधी येते आणि परागीभवन शेवटच्या वाक्यात. माझ्या मते आपल्या बऱ्याच उपायांची दिशा इथेच चुकते. मध ही माशीची शिदोरी आहे. तिच्या वावरण्याने शेताला आणि रानाला जे मिळते त्याची किंमत मधाच्या कितीतरी पट आहे. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालात परागवाहकांमुळे होणाऱ्या पीक उत्पादनाचे मूल्य वर्षाला २३५ ते ५७७ अब्ज डॉलर धरले आहे. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पिके कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर विसंबून आहेत, असेही तो सांगतो.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा. मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवले जाते. ते त्यांनी म्हटल्याचा पुरावा नाही आणि ते खरेही नाही. बाजरी, मका वाऱ्यावर फळतात. ज्वारी, गहू, भात बहुतांशी स्वतःचे स्वतः फळतात. भाकरी उरेल. जाईल ते भाकरीसोबतचे: करडई-सूर्यफुलाचे तेल, काकडी, कारले, भोपळा, कलिंगड, डाळिंब, जांभूळ, धणे, बडीशेप, आणि बियाण्याचा कांदा. पोट भरेल पण जीवनसत्त्वे, चव आणि शेतकऱ्याच्या हातातला नगदी पैसा आटेल. संकट पुरेसे मोठे आहे. त्याला खोट्या भविष्यवाणीचा आधार कशाला हवा?

आता परागवाहक म्हणजे कोण, हे जरा जवळून पाहू. वांग्याचे जांभळे फूल हातात घ्या. मधोमध पिवळ्या परागकोशांचा जुडगा दिसतो. त्यातला पराग बाहेर सांडलेला नसतो. कोशाच्या टोकाला बारीक भोक असते आणि फूल जोराने थरथरले तरच त्यातून तो उडतो. भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता छातीचे स्नायू कंपवतो, गुंजारवाचा सूर एकदम चढतो आणि पिवळी भुकटी त्याच्या पोटावर पडते. निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माश्याही हे करतात. आपली पेटीतली मधमाशी मात्र करू शकत नाही. वांगे वाऱ्याच्या हेलकाव्यानेही थोडेफार फळते, पण भरघोस फळधारणेला हा गुंजारव लागतो. माळावरचा तरवड आणि पावसाळ्यातला टाकळा यांनाही अशीच थरथर लागते.

तुरीच्या फुलाचे मिटलेले दार उघडण्याची ताकद भुंग्यात आणि पानकापी माशीत असते. गुलाबाच्या पानाला कंपासने आखल्यासारखे गोल काप दिसले की बागकाम करणारे औषधाची बाटली शोधतात. ते काप या पानकापी माशीचे. ती पान खात नाही. त्या चकत्या गुंडाळून पोकळ काडीत पिल्लांसाठी खोल्या करते. पानावरच्या चार भोकांनी गुलाबाचे काही बिघडत नाही. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्यांचाच वावर अधिक. त्यांतल्या फूलमाश्यांच्या अळ्या तर मावा खातात, म्हणजे मोहोरही फळतो आणि कीडही आटोक्यात राहते. उंबराची फुले फळाच्या आतच दडलेली असतात. तिथे शिरणारी चिलटाएवढी गांधीलमाशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही आणि उंबरावर जगणारे पक्षी, वटवाघळे, माकडे उपाशी राहतील. जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या मध साठवणाऱ्या थोड्या. बाकीच्या बहुतेक एकट्याने राहणाऱ्या, जमिनीत बीळ करणाऱ्या, काडीत घर करणाऱ्या. त्यांच्यासाठी कुठली योजना नाही.

मध साठवणाऱ्यांपैकी चार आपल्या मातीतल्या. आग्या आकाराने सर्वांत मोठी. कड्यावर, उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली एकच भले थोरले पोळे उघड्यावर लावते. तिला पेटीत राहवत नाही. फुलोऱ्याच्या मागे ती हंगामाहंगामाला मुलूख बदलते आणि चांदण्या रात्री चाऱ्याला बाहेरही पडते. फुलोरी तिच्या उलट, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे लावणारी. पोया ही डंख नसलेली काळी चिमुकली, भिंतीच्या फटीत राहते आणि मेण व डिंक मिसळून केलेल्या कुप्यांत मध ठेवते. चौथी सातेरी. ढोलीत, कपारीत अंधारात एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते, म्हणूनच ती चौकटींच्या पेटीत रमते. तिची एक वसाहत वर्षाला साधारण पाच ते आठ किलो मध देते. पाचवी पाहुणी म्हणजे युरोपीय मेलिफेरा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हिमाचलातल्या नगरोट्याला ती रुजली आणि पंजाब-हरियाणाच्या मोहरीवर फोफावली. तिची पेटी २५ ते ४० किलो देते, म्हणून भारतातला बाजारचा मध आज बहुतांशी तिचाच.

महाराष्ट्रात सातेरीचे माहेर म्हणजे महाबळेश्वरचा डोंगर. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथेच आहे, आणि पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जांभूळ, गेळा, हिरडा यांचा फुलोरा उन्हाळ्यात. आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते तेव्हा सगळा डोंगर निळाजांभळा होऊन पेट्या भरून वाहतात. मे २०२२ मध्ये तिथले मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. गावातली बहुतेक घरे या कामात आहेत. पुढे कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातले पाटगाव त्या वाटेने गेले. मांघरचे महत्त्व मधाच्या आकड्यात नाही. माशी हे घराचे उत्पन्न झाले की जांभळीवर कुऱ्हाड घालण्यापूर्वी माणूस थांबतो, वणवा लागला तर धावतो. जंगल राखण्याचे कारण घरातच तयार होते.

पण सह्याद्रीतल्या मधपाळाला विचारा, तो पावसाळ्याची गोष्ट सांगेल. जून ते ऑगस्ट माशीला बाहेर पडता येत नाही, शिल्लक मध संपतो, साखरेचा पाक देऊन वसाहत जगवावी लागते. पेटी दुबळी झाली की मेणकिडा शिरतो, पोळ्यांत जाळी धरतो, आणि एके दिवशी वसाहत घरसोड करते. या कामात पेटी विकत घेणे सर्वांत सोपे. ती राखायला रोजचे लक्ष आणि अनुभवी माणूस हाताशी लागतो. मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान मिळते, हे चांगलेच आहे. पण वर्षभराने किती पेट्यांत माश्या नांदत होत्या, हा प्रश्न वाटप समारंभात कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा.

१९९१-९२ मध्ये केरळ-कर्नाटकात थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या वसाहती एवढ्या मारल्या की कितीतरी मधपाळांचा धंदाच बसला. अळ्या पिशवीत पाणी भरल्यासारख्या फुगून मरत. ज्या वसाहती तगल्या त्यांच्या वंशातून सातेरी पुन्हा उभी राहिली, आणि हे तगणे रानातल्या, कुणाच्या मालकीच्या नसलेल्या वसाहतींच्या विविधतेमुळे शक्य झाले असे मी मानतो. मेलिफेराच्या पेट्या ट्रकने राज्याराज्यांत फिरतात, त्याकडे म्हणूनच सावधपणे पाहायला हवे. सूर्यफूल किंवा डाळिंबाच्या सलग क्षेत्रात त्यांचा उपयोग आहे. मात्र सातेरीच्या जंगलाच्या तोंडाशी शेकडो पेट्या उतरवणे म्हणजे चाऱ्यात वाटेकरी आणि रोगाला वाट. रोग एका जातीतून दुसऱ्या जातीत जातो हे जगाने पाहिले आहे: व्हरोआ हा कोळ्याच्या जातीचा परजीवी मुळात आशियाई मधमाशीवरचा. ती अंग झाडून त्याला आवरते. मेलिफेरावर तो चढला आणि तिच्यासाठी जगभर काळ ठरला.

मधाबद्दल थोडक्यात, पण सांगायला हवेच. माशी पातळ मकरंद पोटात आणते, त्यात विकरे मिसळते, पंखांच्या वाऱ्याने पाणी उडवते आणि पाण्याचे प्रमाण विसेक टक्क्यांवर आले की कप्प्यावर मेणाचे झाकण लावते. झाकण लागण्यापूर्वी काढलेला मध कच्चा, तो आंबतो. थंडीत मध थिजणे, त्यात रवा धरणे हे बऱ्याचदा ग्लुकोजच्या प्रमाणामुळे होते, भेसळीमुळे नव्हे. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकणे, काडी ओढून पाहणे, कुत्रा तोंड लावतो का पाहणे, यांपैकी कशानेही शुद्धता कळत नाही. ऊस आणि मक्याच्या साखरेची भेसळ प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते. म्हणून भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण तो त्या चाळणीतून सुटतो. डिसेंबर २०२० मध्ये विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली, तेव्हा जर्मनीतल्या प्रगत चाचणीसह पाहता ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. स्वस्त पाक मधाच्या भावात विकला गेला की खऱ्या मधपाळाचा दर पडतो, तो पेट्या विकून मोकळा होतो, आणि त्याच्या माश्यांवर फळणारे आजूबाजूचे शेतही उघडे पडते. भेसळीचा हा तोटा ग्राहक मंचात मांडता येत नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या आज्यांना सांगण्यासारखी. बाळाच्या जिभेला मध चाटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती प्रेमाची आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढून जिवावर बेतू शकते. गुटी उगाळताना मध वगळावा.

माश्या कमी का होतात, याचे उत्तर बहुतेक जण कीटकनाशक या एका शब्दात देतात. ते अर्धे उत्तर आहे. आधी भूक पाहू. चाळीस वर्षांपूर्वीचा मराठवाडा, सोलापूर, विदर्भ आठवा. रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईची काटेरी पिवळीभगवी रांग असे, जवसाचे निळे पट्टे, मिश्र पिकात तीळ, आदिवासी पट्ट्यात डोंगरउतारावर पिवळाधमक कारळा. ही सगळी तेलबियांची पिके माशीच्या मेजवानीची. कारळा तर कीटकांवाचून फळतच नाही. त्या जागी सोयाबीन आले, ऊस आला. उसाच्या तुऱ्यात मकरंद नसतो. सोयाबीनचा फुलोरा बारीक आणि अल्पकाळाचा. कांद्याला माशी हवी ती फेब्रुवारीत. पण सप्टेंबरपासून तिला खायला काही नसेल तर फेब्रुवारीत ती येणार कुठून? वसाहत ही बाराही महिने खाणारी जित्राबांची दावण आहे, हे लक्षात घेतले की पुढचे सगळे कोडे सुटते.

शेतातून गेलेला फुलोरा बांधावर तरी उरला असता. पण तणनाशकाच्या पंपाने तोही गेला. कंबरमोडी, निगडी, तरवड, रानतुळस यांना आपण तण म्हणतो. पिकात फूल नसते त्या आठवड्यांत माश्या त्यांच्यावर जगतात. बांध कोरून दोन सऱ्या वाढवण्याच्या नादात भुईत बीळ करणाऱ्या माश्यांची घरेही नांगरली जातात. ढोली असलेली जुनी चिंच, आंबा तोडला की सातेरीचे घर जाते.

मग येते विष. फवाऱ्यात सापडून मेलेली माशी निदान दिसते. निओनिकोटिनॉइड गटातली औषधे बियाण्याला चोळली तरी रसात उतरतात, मकरंद-परागात पोचतात, आणि माशीला मारत नाहीत तेव्हाही घराची वाट विसरायला लावतात. युरोपीय संघाने या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला. आपल्याकडे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यांतल्या अनेकांपुढे मधमाश्यांना घातक हे कारण दिलेले होते. २०२३ च्या अंतिम आदेशात बंदी तीन कीडनाशकांवर आली आणि मोनोक्रोटोफॉसचे एक रूप टप्प्याने बंद करायचे ठरले. हा प्रश्न माश्यांपुरता आहे असे कुणी समजू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या शिवारात माशी जगू शकत नाही तिथे पंप पाठीवर घेतलेला माणूसही धोक्यात असतो.

शहरात निराळीच कथा. सोसायटीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागले की लगेच पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो आणि हजारो माश्या एका फवाऱ्यात खाली पडतात. भीती खोटी नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत आणि गडकिल्ल्यांवर मोहोळ उठून माणसे जखमी झाली आहेत. एका माशीने डंख मारला की त्यातून सुटणारा वास बाकीच्यांना हल्ल्याची खूण देतो. पण उठायला कारण लागते: धूर, दगड, उग्र अत्तर, फटाके. आग्या कायमची राहायला आलेली नसते, फुलोरा सरला की काही महिन्यांत उठून जाते. तोवर त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी, रात्री दिवा झाकावा. अगदीच अडचणीची जागा असेल तर माश्या न मारता पोळे हलवणारे प्रशिक्षित लोक आता पुण्या-मुंबईत मिळतात. जंगलातही तोच फरक पडू शकतो. मशाल लावून सगळे मोहोळ जाळण्याऐवजी अंगावर संरक्षक पोशाख घालून फक्त पोळ्याचा मधाने भरलेला भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. मेळघाटात याचे प्रशिक्षण झाले आहे. पिल्ले राहिली तर माश्या त्याच जागी पुन्हा मध भरतात.

सोप्या गोष्टींपैकी पहिली म्हणजे फुलावर आलेल्या पिकावर फवारणी टाळणे, आणि टळतच नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करणे. हा सल्ला सरसकट देऊन मात्र चालत नाही. दोडका आणि दुधी संध्याकाळीच उमलतात. तिथे ही वेळ पतंगांच्या जिवावर उठते. पीकवार माहिती हवी. दुसरी म्हणजे बांधावर फुलांची साखळी: शेवगा, करंज, कडुनिंब, जांभूळ, निगडी, कडेने करडईची किंवा बडीशेपेची एखादी ओळ. भाजीवाल्या शेतकऱ्याने कोथिंबिरीचा एक वाफा न काढता फुलू दिला तरी फरक दिसतो. ज्याच्या अंगणात जागा आहे त्याने हातभर जमीन फरशीविना, न खणता ठेवावी, वाळक्या बांबूचे तुकडे आडोशाला बांधून ठेवावेत. गच्चीवरच्या कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची घाई करू नये.

सरकारकडून मात्र पेटीच्या पुढची अपेक्षा आहे. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये मंजूर झाले. त्याच तोडीने करडई, जवस, कारळ्याला भाव आणि खरेदीची हमी मिळाली तर माशीला पीकच जगवेल. रस्त्याकडेच्या लागवडीत मकरंद देणारी देशी झाडे हवीत. कृषी सहायक वाटतो त्या फवारणीच्या पत्रकात कीड, औषध, मात्रा असे रकाने असतात. तिथे पीक फुलावर आहे का आणि त्याचे फूल कोणत्या वेळी उमलते, असे आणखी दोन रकाने छापायला एक रुपयाही जास्त लागत नाही. बाटलीवरची ‘मधमाश्यांना विषारी’ ही सूचनाही भिंग न लावता वाचता येईल अशा ठळक मराठीत असली पाहिजे, कारण ती वाचून निर्णय घ्यायचा असतो तो भर शेतात, पंप भरताना.